उंबऱ्यावरची खूण

“चारी वाटा चारी हात, मधी माझा उंबरा,
येणारा बी राहो बरा, जाणारा बी बरा.”

माझ्या आईच्या, सुलाबाईच्या, तोंडून ही ओवी मी शेवटची ऐकली ती छप्पन्न सालच्या थंडीत. गेरूत बोट बुडवून ती उंबऱ्यावर स्वस्तिक काढायची, आणि बोटाबरोबर ओवी चालायची. आम्ही नुकतीच बुद्धाची वाट धरली होती, घरातले देव गोदावरीत सोडले होते. मी सोळा वर्षांचा. ओलं फडकं घेतलं, स्वस्तिक पुसलं नि म्हणालो, “आता हे आपलं नाही.”

आईनं गेरूची वाटी उचलून आत नेली. पुन्हा तिनं ना उंबऱ्याला बोट लावलं, ना ओवी म्हटली.

पुढं मी शिक्षक झालो. चौऱ्याहत्तर साली, लग्नाच्या नऊ वर्षांनी, आम्हाला लेक झाली. बारसं चार दिवसांवर आलं असताना मी सातवीची सहल घेऊन पांडवलेण्यांवर गेलो. एका लेण्यात भिंतभर अक्षरं, आणि अक्षरांच्या शेजारी दगडात कोरलेलं स्वस्तिक.

“गुरुजी, हिटलरची खूण!” वर्गातली फुला ओरडली. इतिहासाच्या पुस्तकातला फोटो तिच्या डोळ्यांसमोर असणार.

“हिटलरचा पणजोबा जन्मला नव्हता गं तेव्हा!” मी हसलो. “भिक्खूंना ही लेणी दान दिली, त्याचा लेख आहे हा. सगळ्यांचं भलं होवो, एवढंच ही खूण म्हणते...”

बोलता बोलता मला आमचा उंबरा आठवला. फुलाची चूक घटकाभराची. माझी अठरा वर्षांची.

घरी आलो तो थेट आईसमोर बसलो. “आई, ती खूण आज लेण्यात दगडावर पाहिली, ती आपलीसुद्धा होती. बुद्धाच्या पावलांवरही कोरायचे. माझं चुकलं. नातीच्या बारशाला काढशील?”

“दगडानं सांगितलं तवा पटलं व्हय? आईचं कुठं ऐकतोस तू!”

“काढा ना, आत्याबाई,” पाळण्याची दोरी धरून माझी बायको विमल म्हणाली. “नातीवर कसला राग?”

आईनं पाळण्याकडं पाहिलं. मग उठून गेरू कालवला, उंबऱ्याशी बसली. दोन रेघा ओढल्या. तिसरीपाशी बोट थांबलं.

“हात विसरला का?” मी विचारलं.

“हात नाय विसरत रे.” ती उंबऱ्याकडंच बघत होती. “त्या दिवशी तुझा बाप तापानं फणफणला होता. त्याच्यासाठी काढली होती मी. तू पुसलीस, अन् नवव्या दिवशी तो गेला. अठरा वर्षं तुला जेवायला वाढताना मनात म्हणायची, ह्यानंच पुसला माझा धनी. तापानं गेला, हे मलाबी कळत होतं, जयराम. पण दोष द्यायला तूच जवळ होतास.”