चौथ्या मजल्यावरच्या बाहुल्या

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. पाच मजली इमारतीच्या पोटात, गोल फिरत चढणाऱ्या जिन्याच्या मधोमध, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात मी वर-खाली करते. आयुष्यभर चालले, पण चालून चालून पोचले कुठे, तर इथेच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सुतारांनी माझ्या लाकडी भिंती इतक्या मन लावून घासल्या की त्यांत तोंड दिसावं. आत एक आरसा, टेकायला छोटा बाक, पितळी बटणांची पट्टी आणि सगळ्यात खाली धोक्याच्या घंटेचं लाल बटण. मला इथे बसवलं तेव्हा लोक काही काम नसताना वर जायचे आणि खाली यायचे. मुलं आरशात वाकुल्या दाखवायची. आज्या आत शिरताना माझ्या चौकटीला हळूच हात लावायच्या, जणू परवानगी घेत आहेत.

मग ती मुलं मोठी झाली आणि निघून गेली. घरांच्या जागी कचेऱ्या आल्या, गोदामं आली. बाक मोडला. आरशाला बुरशीसारखे डाग पडले. मी अडले की लोक दाराला लाथ घालायचे. तेलपाण्याची आठवण कोणालाच राहिली नाही.

पण मला एक विद्या येते, ती मात्र गेली नाही. मला माणसाचं ओझं कळतं. कोण चढलं, कोण उतरलं, न पाहता सांगते. वर गेलेला माणूस कधी ना कधी खाली येतो, एवढंच माझं जगाबद्दलचं ज्ञान होतं. चौथ्या मजल्याने ते खोटं पाडलं.

तिथे एक बाई राहायला आली. कमरेला चाव्यांचा जुडगा, म्हणून सगळे तिला चावीबाई म्हणत. बोलायला लाघवी. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाच्या मुलीचं लग्न ठरतंय, सगळी चौकशी करायची. घरात ती आणि तिचा आजारी भाऊ, दोघंच, असं तिने सांगितलं होतं. घरबसल्या खेळण्यांचं काम करते, असंही.

ती खोकी माझ्यातूनच वर जायची. एकदा एक खोकं फाटलं आणि माझ्या जमिनीवर बाहुल्या सांडल्या. गुळगुळीत चेहरे आणि डोळ्यांच्या जागी दोन दोन भोकं. सोबतचा कारकून म्हणाला, यांना आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. सगळे हसले. चावीबाईही हसली, पण बाकीच्यांचं हसणं थांबलं तरी तिचं जरा वेळ चालूच राहिलं.

मग मुली येऊ लागल्या. आधी एक आली, काही महिन्यांनी दुसरी, आणि शेवटी धाकटी. चार बहिणींत मी धाकटी, असं तिनेच आत पाऊल टाकताच सांगितलं. पायांत मोठ्या बहिणीच्या चपला होत्या, मापाला सैल. मी हलले तशी तिने बाईचा हात धरला आणि पोटात गोळा आला म्हणून खुदकन हसली. दुकानात नोकरी, जेवणखाण मालकाकडे, रविवारी सुट्टी, असं बाईने तिच्या घरी कबूल केलं होतं.

"आईला पोचल्याचा फोन करायचाय," धाकटी म्हणाली.

"करू की. आधी हातपाय तर धू," बाई म्हणाली.

चौथ्या मजल्याचं दार बंद झालं. आतून कडी लागली, मग किल्ली फिरली.

मित्रांनो, मी वाट पाहिली. धाकटी खाली आली नाही. तिच्या आधीच्या दोघीही आल्या नव्हत्या. खाली यायच्या त्या फक्त बाहुल्या. आता त्यांना डोळे असायचे. उघड्या खोक्यात त्या उताण्या पडलेल्या असत आणि सगळ्याच्या सगळ्या माझ्या छताकडे बघत. वर तांदळाची पोती जायची, दोन माणसांना कधी संपायची नाहीत एवढी. दाराबाहेर मात्र एकही चप्पल नसायची. भर दुपारी मी त्या मजल्यावर उभी असले की दारामागून बारीक आवाज यायचा. टक. टक. टक. बाहुल्यांना डोळे बसवण्याचा. कोणी माझी जाळी उघडली की तो आवाज एकदम थांबे आणि कोणीतरी श्वास धरून ठेवल्यासारखी शांतता पसरे.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई एकट्या राहायच्या. पलीकडच्या गल्लीत महिलांसाठी एक मदत केंद्र होतं. तिथे त्या आठवड्यातून दोनदा जात आणि परतताना माझ्यातच शेजारणींना तिथल्या गोष्टी सांगत. फसवून आणलेली माणसं साखळदंडात नसतात, आपल्यासमोरून चालत जातात, असं केंद्रातल्या ताईंनी त्यांना शिकवलं होतं. आपण प्रश्न एकाला विचारावा आणि उत्तर भलत्याने द्यावं, तिथे थांबायचं. शेजारणी माना डोलवायच्या आणि आपापल्या मजल्यावर उतरायच्या.

एका दुपारी चौथ्या मजल्याचं दार उघडलं. चावीबाईने धाकटीला माझ्यात ढकललं. धाकटीच्या हातात पिशवी होती. तिला दुसऱ्या गावी पाठवायचं ठरलं होतं. पोरगी पळू नये म्हणून बाईने माझी जाळी बाहेरून ओढून घेतली आणि घराला कुलूप घालायला वळली.

तेवढ्यात खालून नर्सबाईंनी बटण दाबलं. जाळी लागली होती, म्हणून मी निघाले. आत ती एकटी. येताना जेवढी होती, त्याच्या निम्मीच राहिली होती जणू. बोटांची टोकं गोंदाने सोलपटलेली. तिने आरशात पाहिलं आणि मागे सरकली. आत दुसरं कोणीतरी आहे असं वाटलं असावं तिला.

दुसऱ्या मजल्यावर नर्सबाई आत आल्या. त्यांनी तिच्या बोटांकडे पाहिलं, अनवाणी पायांकडे पाहिलं आणि तळमजल्याचं बटण दाबलं. जिन्यावरून चाव्यांचा आवाज धावत येत होता.

आणि मी अडकले. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये. नंतर मिस्त्रीने सगळं उघडून पाहिलं, त्याला बिघाड सापडला नाही. मलाही सांगता येत नाही.

जाळीबाहेर, त्यांच्या डोक्याच्या उंचीवर, चावीबाईची पावलं येऊन थांबली.

"कोणाशी बोलू नकोस हं, बाळा," वरून गोड आवाज आला. "पुतणी आहे माझी. डोक्याने जरा कमी आहे."

नर्सबाईंनी वर पाहिलंच नाही. त्या धाकटीच्या कानाशी वाकल्या. "तिला नको सांगू देऊ. तू सांग. तुला हिच्याबरोबर जायचंय?"

धाकटीने एकदा वर पाहिलं. मग अगदी हळू ती म्हणाली, "वर अजून दोघी आहेत."

ती आपल्याबद्दल एक शब्द बोलली नाही, मित्रांनो. सुटकेची फट दिसली तेव्हा तिने आधी त्या दोघींना पुढे केलं.

नर्सबाईंनी मोबाईल काढला आणि मोठ्याने बोलू लागल्या, मिस्त्रीशी बोलल्यासारखं. लिफ्ट अडकलीये, लवकर या, एकटे येऊ नका. "अडकलेल्या तिघी आहेत." पलीकडे केंद्रातल्या ताई होत्या. त्यांना अर्थ लगेच कळला.

पण बाईलाही मोजता येत होतं. तिने जाळीतून आत पाहिलं. आत दोघीच होत्या. चाव्या वाजल्या आणि पावलं वर पळाली.

नर्सबाईंनी लाल बटण दाखवलं. धाकटीने सोललेलं बोट त्यावर ठेवलं आणि काढलंच नाही. माझी घंटा किती वर्षांनी वाजली. तिचा घसा बसला होता, तरी ती वाजत राहिली. इस्त्रीवाला बाहेर आला, कारकून आले, शेजारणी आल्या. नर्सबाईंनी जाळीतून एकच गोष्ट सांगितली: वरून कोणालाही जाऊ देऊ नका.

चावीबाई खाली आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत दोन मुलींची मनगटं होती. जिना माणसांनी भरला होता. कोणी ओरडलं नाही, कोणी तिच्या अंगाला हात लावला नाही. फक्त कोणी बाजूलाही झालं नाही. बाई हसली. बाजूला व्हा म्हणाली, नावानिशी एकेकाच्या गुडघ्याची, लेकीची चौकशी करू लागली. कोणीच उत्तर देईना. त्या शांततेत तिची बोटं एकेक करून सुटत गेली. केंद्रातल्या ताई पोलिसांना घेऊन आल्या, तोवर जिना तसाच उभा होता.

पुढचं मला नर्सबाईंच्या बोलण्यातून कळलं. धाकटी केंद्राच्या निवाऱ्यात राहिली. डॉक्टरांनी तपासलं, वकीलबाई मिळाल्या. आई भेटायला आली तेव्हा ती पडद्यामागे लपली, कारण आईला सगळं ठाऊक होतं असं बाईने तिच्या मनात भरवलं होतं. ताईंनी घाई केली नाही. आई पडद्याच्या अलीकडे बसून राहिली, दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्याही. दुसऱ्या मुलीला घरच्यांनी नेलं, पण लोकांच्या नजरा सोसवेनात म्हणून ती आपणहून केंद्रात परतली. तिसरी फार दिवस आपलं नावच सांगत नव्हती. कोर्टात तिघींनी साक्ष दिली. बाईचा चेहरा दिसू नये म्हणून मधे आडपडदा लावला होता. चावीबाईला आणि या सगळ्यात सामील असलेल्या तिच्या भावाला शिक्षा झाली.

धाकटी आता केंद्रात काम करते. नर्सबाईंना भेटायला येते, पण जिन्याने. माझ्याभोवती तिची पावलं गोल गोल चढताना मला ऐकू येतात. मी कधी बोलावलं नाही.

गेल्या पावसाळ्यात नर्सबाई घरात पडल्या. दवाखान्यात न्यायला हवं होतं आणि जिना उतरणं शक्य नव्हतं. धाकटीने त्यांना धरून माझ्या दारापर्यंत आणलं. आत अंधार होता, माझा दिवा गेला होता. ती उंबऱ्याशी थबकली. नर्सबाई म्हणाल्या, राहू दे, कोणाला तरी बोलवू.

"मी आहे ना. चला," धाकटी म्हणाली, आणि आधी स्वतः आत आली.

मित्रांनो, त्या दिवशी माझे दोर कुरकुरले असतील, पण मी कुठेही थांबले नाही.

माझ्या तेलपाण्याची काळजी घ्या, ही माझी विनंती आहेच. पण तुमच्याही जिन्यावर एखादं दार असेल, जिथे चपला नसतात आणि पोती जातात. तुम्ही लहान आहात, एकट्याने त्या दारावर थाप मारू नका. घरातल्या मोठ्यांना सांगा, शाळेतल्या बाईंना, सरांना सांगा. त्यांनी हसण्यावारी नेलं, तर दुसऱ्या कोणाला सांगा. आणि कोणी एकटं, गप्प, तुमच्या शेजारी उभं असेल, तर त्याचं नाव त्यालाच विचारा.

उत्तर यायला वेळ लागेल. तोवर तिथून हलू नका.