बिन गजांचा चांदोबा

अंगणवाडीत पोरांना चांदोबा काढायला सांगितला आणि अश्विनीताईचं डोकंच चालेना. काढला होता सगळ्यांनी, गोल काढला होता, पिवळा खडू पार झिजवून. पण एकूणएक चंद्रावर उभ्या काळ्या रेघा! "ह्या कसल्या रे?" असं विचारलं तर पोरं तिच्याकडं टकामका बघायला लागली. ताईला एवढंही कळत नाही?

"गज हायेत," दानियाल म्हणाला. "चांदोबाला गज असत्यात ताई."

असतात म्हणे! अश्विनी एकेक चित्र पुन्हा हातात घेऊन बघायला लागली. जुन्नर आणि आंबेगावच्या शिवेवरची ही वस्ती. चहूबाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या. दिवेलागणीच्या आधी पोरं घरात, दाराला कडी, ओट्यालासुद्धा लोखंडी जाळी. चंद्र बघायचा तो खिडकीतून. मग त्याला गज असणारच की, पोरांची त्यात काय चूक? तरी तिला भरून आलं ते आलंच.

ती होती डोंगरातली, तळेघरच्या बाजूची. लहानपणी भाताच्या खळ्यावर राखणीला बापाच्या कुशीत झोपायची. पेंढ्यात आडवं झालं की आभाळ असं खाली यायचं, वाटायचं हात वर केला तर बोटाला चांदणी लागेल. बाप, जानकू त्याचं नाव, बोटानं दाखवायचा, "ती बघ म्हातारीची बाज. आन् ते तीन चोर, बाज चोराया निघाल्यात." पुढं चोरांना बाज मिळाली की नाही हे अश्विनीला आजवर माहीत नाही, कारण गोष्ट तिथवर यायच्या आत तिचा डोळा लागलेला असायचा. लग्न होऊन ती इकडं बागायतात आली. पाणी आलं, पक्कं घर आलं, गॅस आला. आभाळ तेवढं माहेरीच राहिलं.

"चांदबी, ह्या पोरांना चंद्र दाखवायचा," ती मदतनीस बाईंना म्हणाली.

चांदबी खिचडीला फोडणी देत होत्या. "दाखवा की. पन रातच्याला कोन सोडतंय पोरं? तुमी काय खुळ्या का काय बाई!"

"रात्री कशाला? सकाळचा दाखवते."

पौर्णिमा होऊन गेली होती. सकाळी धुकं विरलं, तशी तिनं पोरांना रांगेनं अंगणात आणलं. पश्चिमेला, उसाच्या तुऱ्यांवर, चंद्र होता. पाण्यात पडलेल्या बत्ताशासारखा एका बाजूनं विरघळलेला, पांढुरका. पोरं हरखली. दानियालनं तर टाळ्याच पिटल्या. एक जाई तेवढी चिडीचूप उभी होती, हौशीराम आबांची चार वर्षांची नात. आईबाप दोघं चाकणला कंपनीत, पोर आजोबांपाशी.

"ह्यो चांदोबा न्हाई," जाई म्हणाली.

"अगं, तोच तो."

"न्हाई. चांदोबा आल्यावर बिबट्या येतो. मग बिबट्या कुठंय?"

अश्विनीनं तिला जवळ ओढलं. पावसाळा सरता सरता, ऐन पुनवेच्या उजेडात, ह्या पोरीच्या डोळ्यांदेखत बिबट्यानं तेव्हाच्या बिनजाळीच्या ओट्यावरून मोत्या कुत्रा उचलला होता. तेव्हापासून दिवस कलला की जाई आबांचा सदरा मुठीत धरून बसायची. जेवायची नाही, शी-शूला उठायची नाही. वस्तीला वाटायचं, पोर आहे, विसरेल. ती कुठली विसरते! तिनं बिबट्या आणि चंद्र एकाच गाठीत बांधून ठेवले होते, आणि अर्धं आयुष्य रात्रीचंच असतं. अर्ध्या आयुष्याला पोर भिऊन राहणार की काय?

नाही राहायची, असं अश्विनीनं त्या क्षणी ठरवलं, आणि संध्याकाळी आबांच्या ओट्याची जाळी वाजवली.

"आबा, अवस सरली की बीज. बिजेची कोर सूर्य बुडाल्या बुडाल्या दिसते. उजेड असतो तोवर पोरं घरी परत. जाईला पाठवा."

आबा जाळीच्या आतूनच बोलले. "बाई, तुमच्या डोंगरात चांदण्या असतील. हितं ऊस हाय."

"माहितीय मला."

"काय म्हाईत? पोरांना भ्यायला शिकवाया आमाला वर्सं लागली. भीती हाय म्हनून जीव हाय. तुमी येका दिशी समदं मोडनार!"

"बिबट्याला भ्यावंच आबा. पण चंद्रानं काय घोडं मारलंय?"

आतून जाईचं मुसमुसणं ऐकू येत होतं, नुकता कुठं अंधार पडत होता. म्हातारा बराच वेळ त्या आवाजाकडं कान देऊन बसला. मग म्हणाला, "आमी मान्सं कडं करून उभं ऱ्हानार, काठ्या घेऊन. पोरं मधी. आन् मी काय वर बघनार न्हाई, सांगून ठेवतो. मी उसाकडंच बघनार."

"चालेल की!" अश्विनी म्हणाली, आणि जवळजवळ नाचतच घरी गेली.

बिजेच्या दिवशी सूर्य टेकला तसे लोक जमले. अंगणवाडीमागचा ऊस नुकताच तुटून गेला होता, रान मोकळं पडलं होतं. पाचट जाळल्याचा वास, वर गुऱ्हाळाच्या काकवीचा गोड वास, आणि थंडी अशी हलकी की अंगावरून कुणी ओला पदर फिरवावा. त्या रानाच्या मधोमध पोरं. भोवती बाप्ये आणि बायका, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या बॅटरी, चांदबींच्या हातात ताट आणि उलथनं. सगळ्यांच्या पाठी पोरांकडं, तोंडं पलीकडच्या उभ्या उसाकडं. चांदबी अधूनमधून ताट बडवत होत्या, "या अल्ला, ईदचा चाँद बघायला पन आमी येवढा गाजावाजा केला न्हवता!" म्हणत.

जाई आली होती. आली कसली, आबांनी आणून अश्विनीच्या कडेवर दिली. डोळे घट्ट मिटलेले, नखं अश्विनीच्या मानेत रुतलेली.

"बघू नको तू," अश्विनी तिच्या कानात म्हणाली. "मी सांगते, तू ऐक. आभाळ आता केशरी आहे. डोंगरावर जांभळं. आता पोपटी झालं, पिकत आलेल्या पेरूसारखं. एक चांदणी आली. अजून एक. आणि आता..."

"दिसला!" दानियाल किंचाळला. "लई बारीक हाय! नखायेवढा!"

डोंगराच्या वर, ओळखू येईल न येईल अशी, कोर होती. पोरांची चुळबुळ थांबली. चांदबींचं ताटसुद्धा थांबलं. अश्विनीला क्षणभर वाटलं, हे रान नाहीच, हे खळं आहे, बाप इथंच कुठं पेंढ्यावर पडलाय, आणि मधली वर्षं कुणी तरी हलक्या हातानं उचलून बाजूला ठेवलीत.

"दशी काढा रे!" ती भानावर येत म्हणाली. "बिजेच्या चंद्राला कपड्याचा दोरा वाहायचा. म्हणा, चांदोबा चांदोबा, जुनं घे, नवं दे!"

पोरं फ्रॉक-सदऱ्यांचे दोरे ओढायला लागली. कुणाची तर गुंडीच निघाली. "जुनं घे, नवं दे!" असा गलका झाला आणि त्या गलक्यात जाईनं एक डोळा उघडला. मग दुसरा. ती बघत राहिली. मानेतली नखं हळूहळू सैल झाली.

"ह्याच्यासंगं बिबट्या न्हाई," ती पुटपुटली.

"नाही गं राणी. हा एकटाच येतो."

"त्याला भ्या वाटतं?"

"तूच बघ."

जाईनं बघितलं, पोटभर बघितलं. मग खाली उतरते म्हणाली. उतरली, फ्रॉकच्या घेराचा दोरा दातानं तोडला आणि हात उंच करून सोडून दिला. तो कुठं गेला ते कुणालाच दिसलं नाही. आणि मग, अश्विनी अडवायच्या आत, ती पोरांतून निघून थेट माणसांच्या कड्याशी गेली, आबांच्या मागं, आणि त्यांचं धोतर ओढलं.

"आबा, वर बघा. चांदोबा आलाय."

"तू बघ बाळा." आबांनी मान वळवली नाही. डोळे उसाच्या काळ्या कडेवर. "मला उसाकडं बघायचंय."

"येकदाच बघा."

"न्हाई गं माझे माय. मी बघाया लागलो तर हिकडं कोन बघंल?"

जाईनं विचार केला. अंधार आता चांगलाच उतरत होता, ऊस सळसळत होता. ती आबांच्या पुढं आली, त्यांच्या हातातली बॅटरी दोन्ही हातांनी काढून घेतली आणि उसाकडं तोंड करून, पाय फाकवून उभी राहिली. बॅटरीचा उजेड पाल्यावर थरथरत होता.

"तुमी चांदोबा बघा आबा," ती म्हणाली. "मी हाय हिकडं."

आबांनी एकदा तिच्या एवढ्याशा पाठीकडं बघितलं. मग मुंडाशावर हात धरून मान वर केली, आणि म्हातारा आभाळाकडं बघत हुंदके देऊन रडायला लागला.