मान तेवढी नाही

आमच्या घरात हाडं बसवतात. खांदा आणा, मनगट आणा, निखळलेला जबडा आणा. मान तेवढी नाही. मान मोडली असेल तर ओढायचं नाही, वळवायचं नाही, नुसती धरून बसायचं, हा पणजोबांपासूनचा नियम.

लेक मणक्यांची सर्जन व्हायला निघाली तेव्हा मी महिनाभर तिच्याशी बोललो नव्हतो. "मानेला हात लावणारी तू पहिलीच," म्हणालो होतो.

"बाबा, हजारो वर्षं वैद्यांनी इथे हातच टेकले," ती म्हणाली. "कुणीतरी शिकायला नको?"

गेल्या आठवड्यात आमच्या घरासमोर भिंत रंगवणारा रंगारी शिडीवरून डोक्यावर पडला. शुद्धीवर होता. म्हणाला, "काका, माझे पाय आहेत ना?"

मी त्याच्या डोक्यामागे पालथा झालो, कोपरं फरशीला टेकवली आणि डोकं दोन्ही तळहातांत धरलं.

"अहो, एकदा ओढा ना," धावत आलेली त्याची बायको रडत होती. "माझ्या भावाचा खांदा तुम्हीच बसवलात."

"तो खांदा होता, पोरी."

"म्हाताऱ्याचे हात गेले," मागून कुणीतरी बोललं. नाकाला मिरच्या झोंबल्या. खोटं कशाला बोलू, हात शिवशिवत होते. पण झटका चुकला असता तर पायांबरोबर त्याचे हातही गेले असते. अँब्युलन्स यायला चाळीस मिनिटं लागली. माझी कोपरं सोलून निघाली.

हॉस्पिटलात लेकीने त्याच्या कवटीला चिमटा लावला, दोरी कप्पीवरून सोडली आणि वजन टांगलं. थोडं वजन, एक्स-रे. आणखी थोडं, पुन्हा एक्स-रे. मणका जागेवर सरकला. ओढणं आमचंच, पण हिला आतलं दिसत होतं. मग ऑपरेशन करून धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले.

चौथ्या दिवशी ती विद्यार्थ्यांना घेऊन खाटेशी आली. मी तिथेच होतो. तिने सांगितलं तसा रंगाऱ्याने जोर लावला. उजव्या पायाचा अंगठा हलला. त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला.

"पडल्यावर पहिला उपचार कोणी केला?" एका विद्यार्थ्याने विचारलं.

"यांनी. चाळीस मिनिटं मान हलू दिली नाही. ती हलली असती, तर माझ्या स्क्रूंचा काही उपयोग नव्हता."

पोरगा अदबीने माझ्याकडे वळला. "सर, तुमचं शिक्षण कुठे झालं?"

"घरीच. हाडवैद्यांची चौथी पिढी," मी म्हणालो. शेवटची, असं म्हणायचं ओठांवर आलं होतं.

लेक केसपेपरवर लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "पाचवी मी."