गाडीखालचा राखणदार

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, मुळगावच्या शिवेवर काजऱ्याच्या झाडाखाली जो चिरा आहे, त्याला राखणदार मी केला. तीस वर्षं झाली. खाणीवर टिपर चालवायचो. एकदा चढावर गाडी बंद पडली, तेव्हा मागच्या चाकाखाली हा चिरा लावला आणि तिथेच विसरून गेलो. चार दिवसांनी बघतो तर त्यावर जास्वंद, विडी आणि पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव. लोकांची चूक काढणारा मी कोण? पाव मऊ होता.

तेव्हापासून दर बुधवारी लोक पाव ठेवायचे, तिन्हीसांजेला मी तो खायचो. कुणी विचारलंच तर सांगायचो, "राखणदार अख्ख्या गावाला फेरी मारतो, भूक लागणार नाही त्याला?"

शांताराम माझा शेजारी. सावंतवाडीकडून खाणीवर आला आणि इथलाच झाला. त्याची लेक कोमल बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरत आलेले, नाव म्हापशाच्या इस्पितळात घातलेलं. गाडीचे पुढचे टायर झिजून गुळगुळीत, मागचे बरे. म्हणून एका बुधवारी भर दुपारी त्याने पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करायला घेतली.

"साखळी गावातल्या गॅरेजात टाक की," मी म्हटलं.

"आबा, वीस वर्सां टिपर हाकललंय. चार चाकां बदलूक मिस्त्री कित्याक?"

जॅक एकच. पुढचं चाक काढलं की गाडी टेकवायला भक्कम काहीतरी हवं. अंगणातला चिरा भेगाळलेला. शांतारामची नजर शिवेकडे गेली. दारातून त्याची बायको वत्सला ओरडली, "खुळे झालात? देवाक गाडीखाली घालतास?"

मला माहीत, तो देव किती खरा. म्हटलं, "थांबा, कौल घेऊ." शिवेवर जाऊन पिटकुळीच्या फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून चिऱ्याला चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डोळे मिटले, पुटपुटलो, आणि उजवीवर हळूच फुंकर मारली.

"बघ, परवानगी दिली."

चिरा अंगणात आणला. डाव्या बाजूचं पुढचं चाक काढून गाडी त्यावर टेकवली. जॅक मागे नेला. मागचं चाक जमिनीपासून वीतभर उचललं, आणि ते फिरायला लागलं.

हँडब्रेक ओढलेला. वारा नाही. तरी चाक हळूहळू फिरत होतं, कुणीतरी सावकाश चालत यावं तसं. शांतारामने हात लावला. थांबलं. हात काढला, पुन्हा चाललं.

"ग्रीस सैल झालं असेल," मी म्हटलं. ग्रीस सैल झालं की काय होतं ते मलाही माहीत नाही.

त्याने घाईघाईने चाक बदललं, नट आवळले, मागची बाजू खाली सोडली. जॅक पुन्हा पुढे लावला. पुढचं चाक बसवायला गाडी बोटभर उचलायची, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात आतून कोमलचा आवाज आला.

"आये, माका सोसणा नाय गे!"

वत्सला आत धावली. शांताराम जॅक फिरवू लागला. गाडी वर येईना. जॅकचाच पाय जमिनीत रुतत गेला. खाली फळी घातली, फळी कडकन मोडली. १०८ ला फोन केला तर अर्धा तास म्हणाले. वाड्यावरच्या इतर गाड्या कामाला गेलेल्या. कोमलचं ओरडणं वाढत चाललं.

"आबा, वाकान बघा! खय अडकलाहा?"

वाकलो. गाडी कुठेच अडकली नव्हती. चिरा आणि पत्रा यांच्यामध्ये पाकळी जाईल एवढी फट होती. म्हणजे गाडी चिऱ्यावर टेकलेलीसुद्धा नव्हती. आणि त्या फटीतून ताज्या विडीचा वास येत होता. त्या घरात विडी कुणीच ओढत नाही.

वत्सला कोमलला धरून अंगणात आली. "कौल बरोबर लागलो होतो मां, आबा?"

पोरीचा चेहरा पांढराफटक झालेला. मग मी गाडीखाली तोंड घालून, सगळ्यांच्या देखत, सगळं सांगितलं. टिपर, चढ, तीस वर्षांचे पाव, फुंकर. "माझं काय करायचं ते कर," म्हटलं, "पोरीला जाऊ दे."

शांतारामने जॅकचा दांडा एकदा फिरवला. गाडी लोण्यातून सुरी निघावी तशी वर आली.

चाक बसलं. ती तिघं गेली. इस्पितळात पोचल्यावर दहा मिनिटांत मुलगी झाली, दोघी सुखरूप. वत्सला महिनाभर माझ्याशी बोलली नाही. चिरा परत न्यायला कुणी हात लावेना. सत्तरीचा माणूस मी, पण उचलला तर सोललेल्या नारळाएवढा हलका. काजऱ्याखाली ठेवला, आणि मग दोन्ही हातांनी ढकलून बघितला. तसूभर हलला नाही.

आता गावात कुणी तिथे पाव ठेवत नाही. मीच ठेवतो, दर बुधवारी. गुरुवारी सकाळी जाऊन बघतो. पाव मधोमध मोडलेला असतो. अर्धा गेलेला, अर्धा माझ्यासाठी ठेवलेला.

मी अजून खाल्लेला नाही. पण दाबून बघतो. रात्रभर उघड्यावर राहूनही मऊ असतो.