एका पाठीच्या मापाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. सुतारकामाच्या कारखान्यामागे पत्र्याची शेड आहे, तिथे मी पडून असते. माझ्या बैठकीवर सरसाचे डबे ठेवतात आणि हातांवर ओली फडकी वाळत घालतात. माझी पाठ मधेच तासलेली आहे, एका जागी तर ढलपाच उडाला आहे. असं का झालं ते सांगते. गोष्ट गोड नाही, पण ऐका.

खुर्ची होण्याआधी मी एक जाड फळी होते. कारखाना मेस्त्रींचा होता. त्यांच्या हाताला तोड नव्हती. धनुष्यासारखे पाय, गोलाईच्या पाठी, षटकोनी टेबलं, सगळं ते भरीव लाकडातून घडवत. सांधा असा बसवत की त्यात नख शिरू नये. फळीवर आकाराचा फर्मा ठेवायचा, कडेने पेन्सिल फिरवायची आणि पट्टीकरवतीच्या यंत्रावर तो बाक कापून काढायचा. बाक कापताना फळी सारखी फिरवावी लागते आणि तिचं दुसरं टोक कुणीतरी तोलून धरावं लागतं. ते टोक मेस्त्रीणबाई धरत. लग्न करून आल्या त्याच आठवड्यात त्यांच्या हाती ते आलं होतं.

एक दिवस फळ्यांचा ढीग घसरला. मी तळाशी होते, म्हणून जागची हलले नाही. वरच्या फळ्या मात्र बाईंच्या पाठीवर कोसळल्या. आवाज ऐकून मेस्त्री धावत आले. एकेक फळी उचलून उजेडात धरत त्यांनी तिच्या कडा तपासल्या.

"नशीब, एकही चिरली नाही," ते म्हणाले. मग खाली पाहून म्हणाले, "तिथे कडमडायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"अहो, उठता येईना मला," बाई म्हणाल्या.

बाई पुढे उठल्या, चालल्या, घरकामालाही लागल्या. पण पाठ सरळ झाली नाही. डाव्या खांद्याखाली उंचवटा आला आणि कंबर उजवीकडे कलली. त्यांना भिंतीला धड टेकता येत नसे. जेवताना त्या एका हातावर भार टाकून बसत आणि दुसऱ्या हाताने खात.

पुढे एक बडं गिऱ्हाईक आलं. "तुमचं काम चोख आहे हो मेस्त्री, पण असल्या खुर्च्या सगळीकडे दिसतात. काहीतरी आगळं दाखवा," असं म्हणून ते गेलं. तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या. मेस्त्री त्यांच्याकडे बघतच राहिले.

"कप ठेव. वळ जरा."

त्यांनी शिशाची मऊ पट्टी घेतली आणि सगळ्या कामगारांसमोर बाईंच्या मणक्यावर वरपासून खालपर्यंत दाबली. पट्टीने पाठीचा आकार जसाच्या तसा घेतला.

"माझ्यासाठी खुर्ची करताय?" बाईंनी हळूच विचारलं.

"तुझ्याच मापाची होतेय," मेस्त्री म्हणाले.

यात खोटं काहीच नव्हतं. बाई मात्र वेगळंच समजून बसल्या. मी घडत होते तेवढे दिवस त्या भुसा झाडतानाही गुणगुणत. मला शिकंज्यात आवळलेलं पाहिलं की विचारत, "सुटली नाही का हो अजून?" कारखान्यातला पॉलिशवाला हसून म्हणे, "सुटेल, वहिनी. लाकडाला घाई चालत नाही."

मी तयार झाले तेव्हा बाई हात पुसत पुसत आल्या आणि बसायला वळल्या.

"अगं अगं! नमुना आहे तो. मळेल!" मेस्त्री ओरडले.

मला समोरच्या खोलीत चौथऱ्यावर ठेवण्यात आलं. लोक माझ्या पाठीवरून हात फिरवत आणि हा बाक कुठून सुचला असं विचारत. मेस्त्री याच प्रश्नाची वाट पाहत असत. ते आत हाक मारत, "अगं ए, बाहेर ये जरा!" मग बाईंना माझ्या शेजारी पाठ दिसेल असं उभं करत आणि हातातल्या कानशीने दाखवत, "हा बघा, उंचवटा इथला. हा खळगा इथला. निसर्गाचंच काम, मी फक्त उचललं!" कुणी हसे, कुणाला उगाच खोकला येई. तेवढा वेळ बाई चौथऱ्याच्या कडेकडे पाहत उभ्या असत.

एका दुपारी मेस्त्री लाकूड आणायला गेले होते. बाई आल्या आणि माझ्यात बसल्या. मित्रांनो, त्यांच्या पाठीचा उंचवटा माझ्या खळग्यात असा बसला, जशी खाचेत तिच्या मापाची खुंटी बसते. त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि बघता बघता त्यांना झोप लागली. तोंड थोडं उघडं होतं.

मेस्त्री परतले तेव्हा त्यांच्यासोबत गिऱ्हाइकं होती. पॉलिशवाला पुढे होऊन म्हणाला, "मेस्त्री, झोपू द्या थोडं."

"मी कुठे उठवतोय?" मेस्त्री म्हणाले. "या हो, सगळे या! नमुन्यात नमुना बघा!"

बाईंनी डोळे उघडले तेव्हा भोवती माणसांचं कडं होतं. एकजण खाली वाकून त्यांच्या पाठीमागची फट शोधत होता.

त्यानंतर हाक आली तरी बाई बाहेर येईनात. मेस्त्री आत जाऊन ओरडले, "आपलं घर तुझ्या पाठीवर चाललंय, आणि तुला लाज वाटते?"

"हो, वाटते," बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना जेवण मिळालं नाही.

शेवटी थोरली बहीण त्यांना न्यायला आली. बाईंना आता आडवंही होता येत नव्हतं. बहिणीने आल्या आल्या मला पाहिलं, आणि तिला काय ते कळलं.

"ही खुर्ची देऊन टाका तिला. दुसरं काही मागत नाही आम्ही."

"ताई, तुम्हाला हवं तर स्टूल न्या. खुर्चीशिवाय मी लोकांना काय दाखवू?"

"राहू दे गं, ताई," बाई दारातून म्हणाल्या. "मी चाललेय. आता त्यांच्याकडे तेवढीच उरलीय."

मेस्त्रींनी माझ्यासारख्या बऱ्याच खुर्च्या घडवून विकल्या. हळूहळू त्या परत येऊ लागल्या. दिसायला सुरेख आहेत, पण पाठीत काहीतरी टोचतं, असं जो तो म्हणे. मेस्त्री चिडले. त्यांनी मला कामाच्या मेजावर उलटं आवळलं आणि माझ्या पाठीतला फुगवटा रंध्याने तासायला घेतला. बाकदार लाकडाला उलट्या रेषेने रंधा लावला की ते फाटतं, हे त्यांना माहीत होतं. तरी ते जोर करतच राहिले. ढलपा उडाला. मग ते स्वतः माझ्यात बसून पाहू लागले, तेव्हाही त्यांना टेकता येईना.

"लाकूडच खोटं निघालं," असं म्हणून त्यांनी मला मागे टाकायला सांगितलं.

तेव्हापासून कारखान्यातलं मला दाराच्या फटीतून दिसतं. एका सकाळी पॉलिशवाला मेस्त्रींजवळ येऊन उभा राहिला. "वहिनी गेल्या. बहिणीने शेवटपर्यंत उशा लावून बसवलं होतं. उशा सारख्या सरकायच्या म्हणे."

मेस्त्री एका कोनाड्याच्या कपाटाचा कोपरा जुळवत होते. त्यांनी मान वर केली नाही. "गुण्या दे इकडे," ते म्हणाले. गुण्या लावून त्यांनी कोन पाहिला. तो बरोबर होता.

मित्रांनो, माझं जे व्हायचं ते झालं. मला पुसू नका, जोडूही नका. तुमच्या घरात कुणी एका हातावर भार टाकून जेवत असेल, तर जवळ जाऊन तिला विचारा, कुठे टेकायचंय. आणि विचारताना माणसं गोळा करू नका.