हिरामणची उसनी गेलेली हाक

मित्रांनो, कर्जत ते खोपोली या पट्ट्यात तुम्ही लहानाचे मोठे झाला असाल, तर माझा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. मला पाहिलं मात्र नसेल. आवाज आला की लोक रिक्षाकडे बघतात, रिक्षाच्या टपाकडे कुणी बघत नाही. त्या टपावरचा जुना भोंगा म्हणजे मी. आता हे सांगतोय तेही कुणी ऐकावं म्हणून नाही. बोलायची सवय आहे, म्हणून बोलतो.

माझ्या जन्माविषयी सांगण्यासारखं फार नाही. एका कारखान्यात ॲल्युमिनियमचा पत्रा दाबून मला गोल केलं, राखाडी रंग फासला, आणि मुंबईच्या एका दुकानात दोरीला उलटं टांगून ठेवलं. तिथून मला भिसेगावच्या हिरामणने उचललं. तेव्हा तो ऐन तरुण होता. दुकानदाराने विचारलं, "लग्नाला पायजे काय?" हिरामण म्हणाला, "नाय, धंद्याला." घरी आणून त्याने मला रिक्षाच्या टपावर बोल्टने आवळलं, बायकोने हळदकुंकू लावलं, आणि माझी नोकरी सुरू झाली.

गावोगाव रिक्षा फिरवून पुकारा करायचा, हा हिरामणचा धंदा. साड्यांचा सेल, कबड्डीचे सामने, रक्तदान शिबिर, उद्या नळाला पाणी नाही, अमक्याची आई वारली, सगळं माझ्यातूनच जायचं. पोशीरचे शेतकरी ऐकायचे आणि खोपोलीचे कामगारही. सेल असला की आधी गाणं वाजायचं. कुणी गेलं किंवा हरवलं असेल तर गाणं नाही, आणि आवाज जरा खाली. फरक एवढाच. सुरुवात मात्र एकच: "थांबा. हातातलं काम ठेवा. कान इकडं द्या." हे तो दोनदा म्हणायचा आणि मग मुद्द्यावर यायचा. ही ओळ त्याला कुणी शिकवली नव्हती. पण ती ऐकली की लावणीतल्या बाया चिखलात कंबर सरळ करून उभ्या राहायच्या आणि न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून धरायचा.

एकदा एका कापडवाल्याचा सेल संपला होता, तरी त्याला अजून पुकारा हवा होता. हिरामण साफ नाही म्हणाला. "माज्या तोंडून खोटं गेलं, तं उद्या मी मयत सांगितली का कोन येल?" कापडवाला तोंड वाकडं करून निघून गेला. मला तेव्हा हिरामणचा अभिमान वाटला होता. वाटला होता एवढं आठवतं. कसा वाटतो ते आता आठवत नाही.

पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले. दुकानदार आधी व्हॉट्सॲपवर फोटो टाकायला लागले, मग इन्स्टाग्रामवर रील. तोच कापडवाला एकदा हसत म्हणाला, "हिरामण, तुजी रिक्षा भिसेगावात फिरते. माजं रील पार नाशकाला जातं." रिक्षा दारातच उभी राहायला लागली. माझ्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं आणि तिची पिल्लं मोठी होऊन उडूनही गेली. मला त्याचं वाईट वाटलं का? खरं सांगतो, नाही.

हिरामणची मुलगी सुप्रिया खालापूरकडच्या एका रिसॉर्टमध्ये नोकरीला लागली होती. रिसॉर्टचं नाव 'निवांत'. हे नाव लोकांच्या मोबाईलमध्ये सारखं दिसत राहील असं बघायचं, हे तिचं काम. फोटो टाकायचे, रील काढायचे, कुणी तक्रार लिहिली तर त्याखाली गोड उत्तर द्यायचं. तिचा मॅनेजर राजेश म्हणायचा, की हल्ली लोकांना जाहिरात नको असते, त्यांना खरा माणूस हवा असतो. सुप्रियाच्या डोळ्यांसमोर आपले वडील आले. धंदा बसला होता, पण आवाज तसाच खणखणीत होता. पोरीच्या मनात वाईट काही नव्हतं. मी तिला लहानपणापासून ओळखतो.

मग एका सकाळी माझ्या तोंडातलं मातीचं घर खरवडून काढलं आणि मला पिवळाधमक रंग दिला. स्वतःच्या लग्नानंतर कधी फेटा न बांधलेल्या हिरामणला केशरी फेटा बांधला. स्विमिंग पूलच्या काठावर रिक्षा उभी केली. हिरामण म्हणाला, "थांबा. हातातलं काम ठेवा. कान इकडं द्या." आणि त्यापुढे राजेशने पढवलेलं वाक्य, "आन् पाण्यात उडी मारा!" मागे पोरं धपाधप पाण्यात पडली. सगळे हसले. हिरामणही हसला.

ते रील सुसाट सुटलं. हिरामणचा आवाज लोकांनी उचलला आणि आपापल्या व्हिडिओंना चिकटवला. कुणी त्यावर कुत्र्याला अंघोळ घातली, कुणी नवऱ्याला भांडी घासायला लावली. कुठल्या तरी रंगवाल्याने वापरला, कुठल्या तरी मिठाईवाल्याने. निवांतच्या खोल्या भरल्या. कर्जत स्टेशनाबाहेर लोक हिरामणला गाठून सेल्फी काढायला लागले. दुकानदारही परत आले, पण त्यांना पुकारा नको होता. "ते तुमचं उडी मारा म्हना ना," एवढंच. हिरामण म्हणायचा आणि मी ते बाहेर टाकायचो. पूर्वी तो बोलताना बाजारातल्या माणसांकडे बघायचा. आता समोरच्या भिंतीकडे बघून बोलायला लागला. माझा पत्रा पूर्वीसारखाच थरथरत होता, पण आत काही पोचत नव्हतं.

गौरी-गणपतीच्या आधीचा बाजार होता. कर्जतला पाय ठेवायला जागा नव्हती. एका मखरवाल्यासाठी आमची रिक्षा नाक्यावर उभी होती. तेवढ्यात गर्दीतून एक बाई धापा टाकत आली. डोंगराखालच्या ठाकूरवाडीतली कोंडी, रानभाजीची टोपली घेऊन बाजारात बसणारी.

"दादा, माजी पोर दिसत नाय. परिया. आत्ता टोपलीपाशी होती."

"घाबरू नको गं. काय घातलंय तिनं?"

"लाल झगा. पायात काय नाय."

हिरामणने गाणं बंद केलं, आवाज खाली घेतला आणि माईक तोंडाशी धरला. "थांबा. हातातलं काम ठेवा. कान इकडं द्या."

बाजार थांबला नाही. बाजार हसला. दोन्ही बाजूंनी लोक एका सुरात ओरडले, "पाण्यात उडी मारा!" मोबाईल वर झाले. हिरामणने पुन्हा तेच म्हटलं, कारण त्याच्याकडे दुसरी सुरुवातच नव्हती. पुन्हा तेच उत्तर आलं. "ठाकूरवाडीची लहान पोर हरवलीय, नाव प्रिया, लाल झगा हाय," तो सांगत होता. कुणीतरी म्हणालं, "काका, एक नंबर." तो म्हणाला, "आरं, खरं सांगतोय रं." त्यावर तर जास्तच हशा पिकला. एका पोराने कोंडीच्या तोंडासमोर मोबाईल धरला. ती रडत होती आणि तो तिला सांगत होता, की मावशी, जरा इकडे बघा.

हिरामणने माईक खाली ठेवला. फेटा काढून सीटवर टाकला आणि तो गर्दीत शिरला. एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने कोंडी, नुसत्या गळ्याने प्रियाला हाका मारत. मी टपावर होतो. मला ऐकू येत होतं. मला काहीच वाटत नव्हतं, आणि हे मला त्याच दिवशी पहिल्यांदा कळलं.

दिवस मावळायच्या आत पोरगी सापडली. बांगडीवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती, आमच्या रिक्षापासून हाकेच्या अंतरावर. बांगडीवाला हिरामणला म्हणाला, "पुकारा ऐकला ओ मी. मला वाटलं तुमची शूटिंग चाललीय." कोंडीने पोरीला उचललं आणि ती वाडीच्या वाटेला लागली.

एवढ्यावर हे संपलं असतं. पण कोंडीच्या रडण्याचा तो व्हिडिओ पसरला. लोकांनी खाली लिहिलं, की निवांतवाले जाहिरातीसाठी गरीब बाईला रडवतात. खोल्यांची बुकिंग रद्द व्हायला लागली. राजेशने सुप्रियाला सांगितलं, की खुलासा लिहून कुणी वाचत नाही; मायलेकींची भेट दाखवू, म्हणजे लोक विसरतील.

सुप्रिया वडिलांना घेऊन वाडीवर गेली. कोंडी म्हणाली, "पोर घावली ना. आता काय पायजे?"

"काही नाही गं मावशी. त्या दिवशीसारखंच पुन्हा एकदा करायचं. काका हाक मारतील, प्रिया पळत तुझ्याकडे येईल."

"म्हंजे परत हरवाची का तिला?"

कोंडीने हिरामणकडे बघितलं. "दादा माज्या पोरीपायी गळा फुटंस्तोवर वरडलाय. तो बोलवतो तं येते," ती म्हणाली. त्याने बोलावलं नव्हतं. पण नाहीही म्हटलं नाही.

बाजार भरायच्या आधी सगळे त्याच जागी जमले. प्रियाला तोच लाल झगा घालून त्याच पायरीवर बसवलं. कोंडी रिक्षापाशी उभी. हिरामणने हाक दिली, दोनदा, मग प्रियाचं नाव घेतलं. पोरगी उठली नाही. राजेश म्हणाला, पुन्हा घेऊ. पुन्हा हाक गेली. पोरगी पायरीवरच.

सुप्रिया तिच्यापुढे गुडघ्यावर बसली. "काका हाक मारतायत ना, मग उठून पळायचं. त्या दिवशी तुला ऐकू आली नव्हती का गं हाक?"

"आली ना," प्रिया म्हणाली. "माजंच नाव घेत होते."

"मग?"

"सगळी हसत होती. मंग मी पन हसली."

सुप्रिया तिथेच पायरीवर बसून राहिली. राजेश म्हणाला, एवढं काढून टाकू, बाकी ठीक आहे. हिरामणने माईकचं बटण बंद केलं आणि माझी वायर ओढून काढली. माझ्यात काही थरथरलं नाही.

आता मी हिरामणच्या पडवीत भाताच्या कणगीमागे पडून आहे. पिवळा रंग अजून गेलेला नाही. गावात कुणी वारलं की हिरामण पायी जातो आणि घरोघर दार वाजवून सांगतो. त्याला बराच वेळ लागतो, पण त्याच्या तोंडाकडे बघून लोक ऐकतात. सुप्रियाने निवांत सोडलं. माझ्या जागी टपावर काहीच नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या पत्र्याची काळजी घ्या असं मी सांगणार नाही, पत्रा दुसरा मिळतो. तुम्हाला एखाद्याची हाक आवडली, तर ती उचलून न्यायच्या आधी त्याला एवढं विचारा, की ही तुला उद्या लागणार आहे का. हिरामणला लागणार होती. त्याला कुणी विचारलं नाही, आणि त्याने स्वतःलाही विचारलं नाही.