शिनोलीच्या खळ्यातला तंबू

दक्षिण ध्रुवाकडे दगड गोळा करायला निघालेल्या एका गोऱ्या साहेबाने आधी काश्मीरच्या वरच्या बर्फात राहून बघायचं ठरवलं. तंबू सांभाळायला त्याने जुन्नरचा कमरुद्दीन सोबत नेला. त्याच्या घरी आजोबांपासून तंबू शिवत. ओझी वाहायला शिनोलीचा भागू होता. दोघांनीही तोवर बर्फ पाहिला नव्हता.

शिकायला बरंच होतं. बर्फ आधी पायांनी तुडवून घट्ट करायचा, मगच तंबू उभारायचा. भुसभुशीत बर्फात खुंट्या टिकत नाहीत, म्हणून पोत्यांत बर्फ भरून ती पुरायची आणि दोर त्यांना बांधायचे. आत शिरण्याआधी अंग झटकायचं, कारण अंगावरचा बर्फ आत वितळला की पांघरुणं भिजतात, आणि तिथे भिजलेला माणूस वाचत नाही. भागू हे सगळं हसतखेळत शिकला. तंबूवर साचलेला बर्फ बाहेरून हाताने खरवडायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं. आत बसलेल्या कमरुद्दीनला कापडावर फिरणारा त्याचा पंजा दिसे.

एका दुपारी वादळ आलं. आभाळ आणि जमीन एकच पांढरी झाली. तंबू दबू लागला, तसा भागू कमरेला दोर बांधून बाहेर गेला. दोराचं दुसरं टोक कमरुद्दीनच्या हातात होतं. पंजा खरवडत खरवडत मागच्या बाजूला पोचला आणि थांबला. कमरुद्दीनने हाका मारल्या, मग दोर ओढला. तो सहज आत आला. गाठ तशीच होती, वेटोळं रिकामं.

वादळ ओसरल्यावर सगळ्यांनी बर्फ उकरला. भागू सापडला नाही. साहेब पुढे आपल्या ध्रुवाकडे गेला, जाताना तो तंबू कमरुद्दीनला देऊन.

जुन्नरला आल्यावर कमरुद्दीनला घराच्या भिंतीवर तोच हात खरवडताना ऐकू यायला लागला. बायको अमिरुन्निसा म्हणायची, "मांजर असेल." शेवटी त्याने तंबू खांद्यावर टाकला आणि शिनोली गाठली.

भागूची आई सारजाबाई दारातच बसली होती. त्याने घडलं ते सगळं सांगितलं. ती रडली नाही.

"माज्या कुडाला कोन तरी खरवडतंय रं बाबा," ती म्हणाली. "दिस उगवला की सुरू व्हतं. भाईर बगावं तर कुनी न्हाई."

"मलाही ऐकू येतं, मावशी."

"त्येला आत यायचंय. पर ह्ये घर त्यो इसरला आसंल. तिकडं कशात ऱ्हात व्हता? त्ये हितं उभं कर."

कमरुद्दीनने खळ्यात तंबू उभारला. सवयीने त्याने आधी जमीन तुडवली. बघायला जमलेली माणसं त्याचं कोरडी जमीन तुडवणं पाहून, हा भ्रमिष्ट झालाय असं समजून एकेक करून निघून गेली.

दोघं आत बसली. ऊन रखरखत होतं, कापड तापलं होतं. थोड्या वेळाने बाहेरून एक पंजा कापडावर टेकला आणि हळूहळू खाली सरकला.

"भागू," सारजाबाई म्हणाली, "आंग झटक आन् आत ये."

दाराचं कापड उचललं गेलं. कुणी दिसलं नाही. थंडी मात्र आत आली. कमरुद्दीनचे दात वाजू लागले, सारजाबाईच्या श्वासाची वाफ दिसू लागली. तिने पदर सोडून शेजारच्या मोकळ्या जागेवर पसरला आणि त्यावर हात थोपटत राहिली.

"लई गारठलाय रं माजा..." ती पुटपुटली. मग कमरुद्दीनला म्हणाली, "तू जा आता. ह्ये ऱ्हाऊ दे हितंच."

त्या दिवसापासून कमरुद्दीनच्या भिंतीवरचा आवाज बंद झाला. तरी त्याला चैन पडेना. पौषात तो पुन्हा शिनोलीला गेला. तंबू उभाच होता. आत सारजाबाई बसली होती, ओठ निळे पडलेले, हात अजून थोपटत.

"मावशी, बाहेर या. उन्हात बसा जरा. नाहीतर माझ्याबरोबर जुन्नरला चला."

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय त्येचा."

शेजारणीने ठेवलेली भाकर बाहेर तशीच पडली होती. त्याने ती आत सरकवली, सैल झालेले दोर ताणून बांधले आणि परत फिरला.

"म्हातारीला घेऊन येणार होता ना?" अमिरुन्निसाने विचारलं.

"तिचा मुलगा आलाय," कमरुद्दीन म्हणाला, आणि चुलीजवळ सरकून बसला.